खेचर हाकणे ही विद्या होती : यंत्रयुगापूर्वीच्या लष्करी प्रशिक्षणाचा विस्मृत धडा

१/
कांजूरमार्गच्या फलाटांलगतचा लोहमार्ग हा १८५३ सालच्या बोरीबंदर–ठाणे मार्गाचाच भाग. १८६३ मध्ये भोर घाट आणि १८६५ मध्ये थळ घाट रेल्वेने ओलांडला. देशावरच्या छावण्या याच पट्ट्यातून मुंबई बंदराशी जोडल्या गेल्या. दोनच वर्षांत या बंदरातून एक अजस्र मोहीम निघाली. तिला पहिला तडाखा बसला तो शत्रूचा नव्हे, दावणीचा. #थ्रेड

२/
१८६७. अॅबिसिनियाच्या सम्राट थिओडोरने युरोपीय लोकांना कैदेत ठेवले होते. मुंबई सैन्याचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्याकडे मोहीम सोपवली गेली. सुमारे १३,००० सैनिक, ४४ हत्ती आणि हजारो खेचरे. लक्ष्य होते किनाऱ्यापासून सुमारे ४०० मैल आत, डोंगरमाथ्यावरचे मगदला.

३/
खेचरे इजिप्त, तुर्कस्तान, स्पेन, इराण असे जिथून मिळतील तिथून विकत घेतली गेली. ती झुला बंदरात उतरली तेव्हा खोगिरे अपुरी, हाकणारे नवखे आणि एकमेकांची भाषा न समजणारे. जनावरांनी दावी चावून तोडली आणि ती रखरखीत किनाऱ्यावर उधळली. तिथे गोडे पाणीही जहाजांवर समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातित करून मिळवावे लागे. तहानेने आणि रोगाने खेचरे पटापट मेली.

४/
याच गोंधळात लाहोर आणि रावळपिंडीहून आलेले खेचरतांडे मात्र शिस्तीत उभे राहिले. जनावर तेच, ओझेही तेच. फरक एवढाच, की त्यांचे हाकणारे, सरंजाम आणि जनावरे आधीपासून एकत्र बांधलेली होती. पैसा खेचर विकत घेऊ शकतो. तांडा विकत मिळत नाही.

५/
या प्रशिक्षणात काय असे? साधारण १६० पौंड, म्हणजे जवळजवळ दोन मण ओझे पाठीच्या दोन्ही अंगांना समतोल बांधणे. तंग किती आवळावा, चंदी केव्हा द्यावी, पाणी केव्हा पाजावे, खरारा करताना पाठीवरची जखम कशी हेरावी. ओझे एका बाजूला झुकले की पाठ सोलवटते. पाठ सोलवटली की ते जनावर निकामी होते आणि त्याचे ओझे दुसऱ्यावर पडते.

६/
पर्वती तोफखान्यात ही विद्या पराकोटीला पोचली. १८७९ च्या सुमारास आलेल्या अडीच इंची तोफेची नळी दोन तुकड्यांत स्क्रूने जोडली जाई. प्रत्येक तुकडा सुमारे २०० पौंडांचा. एका तोफेला पाच खेचरे. ती उतरवून, जोडून, गोळा डागेपर्यंतची कवायत पुन्हा पुन्हा घोटवली जाई. मुंबईच्या ‘५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी’चा स्थापना दिवस, २८ सप्टेंबर १८२७, भारतीय तोफखाना आजही ‘गनर्स डे’ म्हणून पाळतो.

७/
महाराष्ट्राला हे नवे नव्हते. शिवछत्रपतींच्या पागेची रचना सांगताना सभासद बखर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नोंदवते. पाणी आणि नाल यांचा हिशोब तलवारीच्या बरोबरीने मांडणारी ही दृष्टी झुलाच्या किनाऱ्यावर हरवली होती.

८/
१४ एप्रिल १९३८ रोजी रावळपिंडीत सिंद हॉर्सने घोडे सोडले आणि हिंदी घोडदळाचे यांत्रिकीकरण सुरू झाले. ‘यंत्र आले, जनावर गेले’ अशी सोपी गोष्ट येथे संपायला हवी होती. ती संपली नाही.

९/
डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहूनच हिंदी खेचर कंपन्या जहाजांनी फ्रान्सच्या मार्सेय बंदराकडे निघाल्या. मोटारींवर विसंबलेल्या ब्रिटिश फौजेला हिवाळ्यातील चिखल आणि बर्फासाठी खेचरे लागली! १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावर हे हिंदी जवानही होते. २०१७ च्या ‘डंकर्क’ चित्रपटात ते दिसले नाहीत, यावर टीकाही झाली.

१०/
हा गतकाळाचा उमाळा नव्हे. युद्धात जनावरांचे हाल अमानुष होते. त्यांच्या पाठीवरचे ओझे मोटारीने उचलले हे चांगलेच झाले. आक्षेप आहे तो इतिहासलेखनाच्या सवयीवर. ते सेनापती आणि तोफा मोजते. तंग आवळणारा हात मोजत नाही. म्हणून मगदला ‘नेपियरचा विजय’ ठरतो आणि तिथपर्यंत धान्य पोचवणारे आकड्यांतही धूसर राहतात.

११/
१५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यातील सेनादिन संचलनात चार पायांचे यंत्रमानव चालले. त्यांचे संक्षिप्त नाव ‘म्यूल’, म्हणजे खेचरच. यंत्राला नाव जनावराचे मिळाले, ही त्या विद्येला दिलेली नकळत सलामी. पण १८६७ चा प्रश्न याही खेचराला विचारावा लागेल : घेतले खरे, हाकणारा घडवला का?

१२/
पुढची मोहीम वाचताना नकाशावरच्या बाणापाशी थांबू नये. त्या बाणामागे पाणी कोणी भरले, नाल कोणी ठोकली आणि दावे कोणी बांधले, हे शोधावे. बहुतेक जयपराजयांची कारणे तिथेच सापडतात.
(समाप्त)