कंबर कुणाच्या हिशोबात धरली?



उन्हाळ कांद्याची लागवड उरकली. रोप, खत, डिझेल, मजुरी सगळं वहीत मांडलं. एक गोष्ट मांडायची राहिली, ती आज इथं लिहितो.

लागवडीच्या चौथ्या दिवशी टोळीतल्या एका मावशींना वाफ्यातून सरळ उभंच राहता येईना. दोघींनी धरून बांधावर आणलं. त्यांनी पदराच्या गाठीतली गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि अर्ध्या तासात परत रोपं लावायला गेल्या. मी म्हणलं, "मावशी, आज राहू द्या." तर म्हणाल्या, "दादा, मी बसले तर माझा वाटा कोण ओढणार? उक्तं घेतलंय ना."

आपल्याकडं यावर एक ठरलेलं उत्तर आहे, "त्यांना सवय असते." मी पण वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. पण कंबरेला कसली सवय होतीय? सवय होते ती दुखणं लपवायची. माणूस वाकला की त्याच्या अर्ध्या अंगाचा भार कंबरेचे स्नायू नि मणके पेलतात. त्यात पाटी उचलताना पाय न हलवता नुसतं कमरेतून वळलं, की सगळा पीळ मणक्यांमधल्या गादीवर. बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण जू उतरवतो. माणसाला मात्र गोळी.

हे कसं टाळायचं ते काय कुणाला माहीत नाही असं नाही. ओझं अंगाशी धरा, गुडघ्यातून उचला, मधे उभं राहा, काम बदलून करा. मग होत का नाही? कारण उक्त्या कामात विसावा घेणाऱ्याचं नुकसान होतं. पाटी केवढी भरायची ते उचलणारा ठरवत नाही, भरून घेणारा ठरवतो. म्हणजे मी आणि तुम्ही.

२०१८ साली युरियाची गोणी ५० किलोवरून ४५ किलोची झाली. ती युरियाचा वापर कमी व्हावा म्हणून, कुणाच्या कंबरेसाठी नाही. पण गोणी लहान झाली म्हणून कुणाचं रान पडीक राहिलं का? मार्केटातले माथाडी संघटनेच्या जोरावर ५० किलोच्या वरची गोणी नको म्हणून भांडले. वावरातल्या बाईची संघटना कुठं आहे?

सरकारी मदतीचंही तेच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यू झाला किंवा हात, पाय, डोळा कायमचा गेला तर मदत आहे. वीस वर्षं वाकून कंबर गेली तर ती कुठल्या रकान्यात लिहायची? ती एका दिवसात जात नाही, म्हणून तो अपघात धरला जात नाही.

पाचव्या दिवशी मी टोळीला म्हणलं, तासाला पाच मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं. पहिला विरोध टोळीनंच केला. "पुढचं रान खोळंबेल, दादा." बरोबरच होतं त्यांचं. विसावा त्यांच्या खिशातून जाणार असेल तर त्या का घेतील? मग एकरी उक्तं वाढवून दिलं, तेव्हा जमलं. रोपाच्या जुड्या वाटायचं काम पाळीपाळीनं केलं, म्हणजे प्रत्येकीला थोडा वेळ ताठ चालायला मिळालं. खताची गोणी ट्रॉलीवरच फोडून अर्धी अर्धी नेली. काढणीला मोठ्या पाट्या बंद करणार आहे. कॅरेट अर्धं भरायचं आणि चाळीपर्यंत हातगाडीवर न्यायचं.

लागवड अर्धा दिवस लांबली. मावशींची कंबर बरी झाली असं मी म्हणणार नाही, ती इतकी लवकर बरी होत नसते. पण नंतर कुणाला धरून बांधावर आणावं लागलं नाही.

कुणी म्हणेल, कांद्याला भाव नाही, वरून हा खर्च कुठून करायचा? भाव नाही हे खरंच आहे. त्यासाठी भांडू, रस्त्यावर बसू. पण बाजारात झालेला तोटा बाईच्या मणक्यातून वसूल करायचा हा कुठला न्याय? आणि ती बाई प्रत्येक वेळी परकी नसते. आपल्या घरची लक्ष्मीही त्याच वाफ्यात वाकलेली असते, तिची तर मजुरीसुद्धा वहीत नसते.

कृषी सहायक आणि विद्यापीठातल्या मित्रांनाही सांगणं आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं भातकापणीसाठी हलका, दातेरी वैभव विळा काढला. म्हणजे मनात आणलं तर कापणाऱ्याच्या हाताचा विचार होतो. मग प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर एकरी उतारा मोजता, तसे बाया किती तास वाकल्या तेही एकदा मोजा. नवीन अवजार आणाल तेव्हा दांडा पुरुषाच्या उंचीचा धरू नका. खुरपं ज्यांच्या हातात आहे, त्यांच्या हातात ते आधी देऊन बघा.

ट्रॅक्टरचं ऑईल किती तासांनी बदलायचं हे आपल्याला तोंडपाठ आहे. बाईनं पाठ किती तासांनी सरळ करायची, तेही उक्तं ठरवतानाच ठरवा. तिनं मागायची वाट बघू नका, ती मागणार नाही.