बिस्मिल्लाऐवजी कंपन्यांची हजेरी

आजकाल चित्रपट सुरू होण्याआधी कंपन्यांची हजेरी लागते. एक कंपनी येते, तिची सोनेरी अक्षरं गरगर फिरतात, प्रकाश फाकतो, ढोल वाजतो. मग दुसरी, तिसरी. मग वितरक, मग संगीत विकत घेणारे. पाच-सहा चिन्हं होईपर्यंत पॉपकॉर्न अर्धा संपलेला असतो आणि त्यातलं एकही चिन्ह घरी जाताना आठवत नाही. संगणकाने सगळं चकचकीत करून दिलंय, यात वाद नाही. पण यातली एकही कंपनी आपण कोण आहोत, कशावर विश्वास ठेवतो, हे सांगत नाही. नाव तेवढं सांगते.

पूर्वी असं नव्हतं. प्रभातची तुतारी घ्या. १९२९ साली कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच जणांनी ही कंपनी काढली. सुरुवात मूकपटांनी झाली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून त्यांचे चित्रपट बोलू लागले, आणि तुतारी फुंकणारी ती स्त्री डोळ्यांइतकीच कानांचीही ओळखीची झाली. पहाट झाली, उठा, एवढंच ती सांगते. कंपनीचं नाव, चित्र आणि आवाज तिन्ही एकच गोष्ट बोलतात. मला आजही याहून नेमकं चिन्ह दिसलेलं नाही.

त्या पाचांतले फत्तेलाल म्हणजे कागलचे शेख फत्तेलाल, सगळ्यांचे साहेबमामा. प्रभातच्या पडद्यावर जे देखणं दिसतं, त्या कलाविभागाची धुरा त्यांच्याकडे होती. १९३६ चा 'संत तुकाराम' त्यांनी दामल्यांबरोबर दिग्दर्शित केला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपल्याकडे दर सहा महिन्यांनी व्हॉट्सॲपवर 'मुस्लिमांचं योगदान' अशी यादी फिरते, तीत त्यांचं नाव हमखास असतं. मला त्या याद्या आवडत नाहीत. जणू आपण कुणाला तरी हिशोब देतोय, पावत्या जोडतोय. साहेबमामांनी तुकोबा केला तो योगदान म्हणून नव्हे. कोल्हापूरच्या मातीतल्या माणसाला तुकोबा परका नव्हता, आणि दामले त्यांचे जिवाभावाचे मित्र होते. तुतारी त्या पाचांची होती, कुणा एकाच्या धर्माची नव्हती.

आता मेहबूब खान. गुजरातेत बिलीमोऱ्याजवळ जन्मलेला, शाळा जवळपास न पाहिलेला हा माणूस मुंबईत पोरसवदा वयात आला, एक्स्ट्रा म्हणून उभा राहिला आणि १९४३ च्या सुमारास स्वतःची मेहबूब प्रॉडक्शन्स घेऊन आला. वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ नंतरचा, १९५४ चा. त्यांच्या चित्रपटाच्या सुरुवातीला विळा-हातोडा दिसतो आणि त्यावर एक उर्दू शेर ऐकू येतो. आशय असा, की वाईट चिंतणाऱ्याने लाख चिंतावं, घडतं तेच जे खुदाला मंजूर असतं. या शेराचा पहिलाच शब्द 'मुद्दई' हा कोर्टातला आहे: दावा दाखल करणारा, फिर्यादी. मराठीतले 'मुद्दा' आणि 'दावा' हे शब्द त्याच मुळातले, म्हणजे मराठी प्रेक्षकाला हा शेर वाटतो तितका लांबचा नाही. (वर्गात हे सांगितलं की उर्दूची आणि मराठीची, दोन्ही मुलं चमकतात.)

हे चिन्ह पाहून विद्वान लोक गोंधळतात. विळा-हातोडा म्हणजे कम्युनिस्ट आणि शेर म्हणजे देवाच्या मर्जीवर भिस्त. दोन्ही एकत्र कसं? मेहबूब पक्षाचे कम्युनिस्ट नव्हतेच. पण ज्याच्या घरात बाप सकाळी कारखान्यात हातोडा धरतो आणि संध्याकाळी मगरीबला उभा राहतो, त्याला यात विसंगती दिसणार नाही. त्यांचा 'रोटी' पाहा, 'मदर इंडिया' पाहा. घाम गाळणाऱ्याची बाजू आणि नशिबाशी झगडा, दोन्ही त्यांच्या चित्रपटात आहेत. आत जे होतं तेच दारावर लावलेलं होतं.

आणि ही पाटी एकदा उतरवावी लागली. १९५७ चा 'मदर इंडिया' ऑस्करसाठी गेला तेव्हा मूळच्या सुमारे पावणेतीन तासांच्या चित्रपटाची दोन तासांची आवृत्ती तयार झाली आणि विळा-हातोड्याचं चिन्ह काढून टाकण्यात आलं. शीतयुद्धाचे दिवस, समोर अमेरिकन अकादमी. चिन्ह गेलं म्हणजे शेरही गेला असणार. चित्रपटाला नामांकन मिळालं, पुरस्कार फेलिनीच्या इटालियन चित्रपटाला गेला.

मेहबूबना मी दोष देणार नाही. दुसऱ्याच्या दारात जाताना माणूस काय काय उतरवून ठेवतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आमच्या कोपर-डोंबिवली पट्ट्यात भाड्याची खोली शोधताना एजंट आधी नाव विचारतो, मग डिपॉझिट सांगतो. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाने दारावर फक्त इनिशियल्स लावली आहेत, इंग्रजीत. कुरिअरवाल्याला सोपं जातं, असं तो म्हणतो. मी पुढे विचारत नाही. पण ती तीन अक्षरं पाहिली की मला हल्लीच्या चित्रपट कंपन्या आठवतात: डी अमुक, टी तमुक. कुणाला न खुपणारी, काहीच न सांगणारी.

राज कपूरचं चिन्हही असंच वाचता येतं. १९४९ च्या 'बरसात'मधला एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली नर्गिस, ही आरकेची ओळख झाली. तिच्या आधी पडद्यावर पृथ्वीराज कपूर शंकराची पूजा करताना दिसत. पूजा पठाणी वळणाच्या पेशावरी माणसाची, आणि चिन्हातली बाई नर्गिस. मुद्दाम जुळवून असं कुणी करणार नाही, आणि म्हणूनच ते खोटं वाटत नाही. पुढे त्या चिन्हातले चेहरे गेले, नुसत्या रेषा उरल्या. चेंबूरचा स्टुडिओ २०१७ मध्ये जळाला आणि नंतर बांधकाम कंपनीला विकला गेला.

त्या जुन्या चित्रपटांत आणखी एक गोष्ट असायची, तिच्याबद्दल कुणी हळहळत नाही म्हणून मी लिहितोय. नाव तीन लिप्यांत यायचं: रोमन, नागरी, उर्दू. ज्याला जी येते ती त्याने वाचावी. उर्दू कधी गळाली हे प्रेक्षकांच्या लक्षातही आलं नाही. नागरीही आता बऱ्याचदा दिसत नाही. हिंदी चित्रपटाचं नाव रोमनमध्ये आणि मराठी माणूस भांडतोय दुकानांच्या पाट्यांसाठी. त्याचं भांडण रास्त आहे. पडद्याकडेही एकदा बघावं एवढंच.

मागच्या सत्रात आठवीला मी एक काम दिलं: तुमची स्वतःची चित्रपट कंपनी काढा आणि तिचं चिन्ह करा. अपेक्षेप्रमाणे पंख, आगीच्या ज्वाळा, गुरगुरणारे वाघ आले. एकाने मात्र बापाची भुर्जीची गाडी काढली. तवा तापतो, वाफ येते आणि वाफेतून नाव उमटतं, डावीकडून मराठीत, उजवीकडून उर्दूत. कागदावर झकास दिसलं. आता तो मोबाइलवर ते हलतं करायला बसलाय. मराठी नाव नीट उमटतं. उर्दू टाकलं की ते ॲप अक्षरं जोडतच नाही, एकेक सुटं करून उलट्या क्रमाने मांडतं. तीन ॲप बदलून झालीत. काल चौथं उतरवत होता.