जनुकपेढीतले बियाणे वाफ्यात यावे

एचबी-१ हे बाजरीचे पहिले संकरित वाण १९६५ साली प्रसारित झाले. त्याची मादी होती अमेरिकेतल्या टिफ्टन केंद्राची टिफ्ट २३ ए. एचबी मालिकेतील पुढची वाणेही याच मादीवर बेतली गेली. १९७०च्या दशकात गोसावी (केवडा) रोगाने ती एकामागून एक निकामी केली. दूरदूरच्या शिवारांत एकच मादी पसरल्यामुळे रोगाला कुठेच अडसर उरला नव्हता.

पुढे उपयोगी पडली ती पश्चिम आफ्रिकेतील ‘इनियादी’. लवकर पक्व होणारी, टपोऱ्या दाण्याची ही बाजरी तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली. टोगोतील इनियादीतून इक्रिसॅटने निवडलेले आयसीटीपी ८२०३ हे वाण १९८८ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाले. निवड टपोऱ्या दाण्यासाठी आणि रोगप्रतिकारासाठी होती. त्याच वाणात लोहही भरपूर असल्याचे नंतर दिसले आणि त्यातूनच इक्रिसॅट व राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘धनशक्ती’ घडवले. स्थानिक वाणात काय दडले आहे, हे संग्रह करताना कुणालाच पुरते ठाऊक नसते. म्हणून त्याची किंमत आजच्या गरजेवरून ठरवू नये.

एकाच मादीवर विसंबण्याचा धडा मिळूनही आजचे बहुतेक बाजरी संकर ए-१ या एकाच नरवंध्य पेशीद्रव्यावर उभे आहेत. ए-४ आणि ए-५ हे पर्याय हाताशी आहेत. त्यांच्यासाठी चांगले पुनःस्थापक नर तयार करण्याचे काम नेटाने व्हायला हवे.

परके जननद्रव्य उंच वाढते, उशिरा फुलोऱ्यात येते, पहिल्या पिढ्यांत उत्पादन घटवते. म्हणून पैदासकार ते टाळतात. त्यावर मार्ग पूर्वपैदासीचा: स्थानिक हवामानाला सरावलेल्या वाणाशी संकर, गरजेनुसार एखादा प्रतीपसंकर, आणि मग निवड. सुरुवातीला जनुकपेढीतला सगळा संग्रह चाळण्याची गरज नाही. संग्रहाच्या सुमारे एक टक्का नमुन्यांचा ‘मिनी कोर’ त्यासाठीच तयार केलेला आहे. या कामातून लगेच वाण निघत नाही. तेव्हा संशोधकाच्या मूल्यमापनात प्रसारित वाणांइतकेच वजन पूर्वपैदासीच्या वंशावळींना मिळाले पाहिजे.

पैदासकार मित्रांनो, येत्या खरिपात आपल्या प्रक्षेत्रावर काही ओळी अनोळखी जननद्रव्यासाठी राखून ठेवा, आणि त्यांच्या नोंदी जनुकपेढीला न चुकता परत पाठवा.