एका दिवसाचं पाणी

मी स्पॉन्सर केलेलं पोर आहे. माझा एक नंबर होता, एक फोटो होता, आणि अमेरिकेत एक माणूस होता जो दर महिन्याला माझ्या नावाने डॉलर पाठवायचा. वर्षातून दोनदा त्याला पत्र लिहायचं. काय लिहायचं ते होस्टेलच्या फळ्यावर असायचं : मी बरा आहे, अभ्यास करतो, आमच्याकडे पाऊस चांगला झाला. पाऊस झाला नसला तरी पाऊस चांगला झाला.

१९९७ च्या मे महिन्यात हा माणूस बायकोला घेऊन सरळ येऊन उभाच राहिला. देश बघायला निघाले होते. वेरूळ झालं, अजिंठा झालं, मग आम्ही. ऊन असं की डांबर पायाला चिकटायचं. तो म्हणाला, पोरांना पोहायला नेऊ. झालं. अकरा पोरं एका जीपमध्ये कोंबली आणि त्याच्या हॉटेलात नेली. हॉटेलच्या मॅनेजरने आम्हाला आधी साबण लावून दोनदा धुवायला लावलं. मग हौद. पाणी निळं नसतं, खालची फरशी निळी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

पाण्यात एक देशी कुटुंब होतं. आम्ही उतरलो तसं ते उठून बाहेर गेलं. होस्टेलची पोरं म्हणजे कोण, हे या देशात कुणाला सांगावं लागत नाही. गोऱ्याला वाटलं, पोरांसाठी जागा करून दिली. तो त्यांना हात हलवून थँक्यू म्हणाला.

मला पोहता येत नव्हतं. त्याने माझ्या पोटाखाली हात धरला आणि मला पाण्यावर आडवं केलं. आईनंतर असं कुणी उचललं नव्हतं. मी खदखदा हसत होतो. म्हणून सांगतो, या लोकांना सरसकट भांडवलशाहीचे दलाल म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. तो दिवस खोटा नव्हता. माझं हसणं फळ्यावरून उतरवलेलं नव्हतं.

पण पुढचं ऐका. त्याने मला विचारलं, तू गावी पोहतोस का? मी रेक्टर सरांकडे बघून म्हणालो, ‘न्हाई, इहिरीला शिवू देत न्हाईत.’ सरांनी त्याचं इंग्रजी केलं : गावात पाणी कमी आहे.

बस्स. एवढंच भाषांतर. विहिरीला पाणी मायंदाळ होतं. पाटलाची पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून धपाधप उड्या मारायची आणि आम्ही लांबून बघायचो. आई म्हणायची, ‘लेकरा, त्या पाण्यात पाय घालशील तर आपलं घर ऱ्हायाचं न्हाई.’ हे इंग्रजीत पोचलंच नाही. पोचला तो दुष्काळ. दुष्काळ निसर्गाचा असतो, त्यात कुणी आरोपी नसतो. सर वाईट नव्हते. संस्था चालवायची होती, गावातल्या बड्यांशी बिघडवून घ्यायचं नव्हतं. गोऱ्याने परत गेल्यावर कळवळून आमच्या गावासाठी बोअरचे पैसे पाठवले. बोअर पडली मारुतीच्या पारासमोर. हापशाचा दांडा आईच्या हाती कधी आला नाही.

आता मला राग येतो तो याचा की त्या माणसाला हे कळलं असतं. तो तेव्हा पंचावन्नीचा असेल. म्हणजे १८ जून १९६४ ला तो विशी ओलांडलेला असणार. त्या दिवशी त्याच्याच देशात, फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला, मॉन्सन मोटर लॉज या हॉटेलच्या हौदात काळी आणि गोरी पोरं एकत्र उतरली, आणि मालकाने पाण्यात अ‍ॅसिड ओतलं. त्याचे फोटो जगभर छापले गेले. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तर काळ्यांबरोबर पोहायला लागू नये म्हणून सार्वजनिक तलावांनाच टाळं लावलं, आणि १९७१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते चालवून घेतलं. त्याची फळं पोरं अजून भोगताहेत. १९९९ ते २०१० या वर्षांचे सरकारी आकडे सांगतात की स्विमिंग पूलमध्ये बुडून मरणाऱ्या ५ ते १९ वयाच्या पोरांत काळ्यांचं प्रमाण गोऱ्यांच्या साडेपाच पट होतं. आज्याला पाण्यात उतरू दिलं नाही, नातू बुडाला. १९७२ साली आपल्या चळवळीने पँथर हे नाव घेतलं ते याच देशातल्या काळ्यांकडून. रेक्टरचं एक वाक्य खरं उतरलं असतं तर त्या माणसाला सगळा इतिहास हौदाच्या काठावर समजला असता.

स्पॉन्सरशिपने काहीच होत नाही असंही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह सहा देशांतली स्पॉन्सर्ड पोरं तपासली, ती एक ते दीड वर्ष जास्त शिकलेली निघाली. मीही शिकलो, म्हणूनच हे लिहितोय. पण शाळेची फी देता येते, विहीर देता येत नाही. ती कुणीतरी अडवून धरलेली असते.

‘हे जुनं झालं’ म्हणणाऱ्यांसाठी : जून २०१८, वाकडी गाव, जामनेर तालुका, जळगाव जिल्हा. मातंग समाजाची पोरं विहिरीत पोहली म्हणून त्यांना नागडं करून मारलं, धिंड काढली, वर व्हिडिओ काढला. मारणारे बामण नव्हते. तेही भटक्या जातीतले. उतरंडीत आपल्याखाली कुणीतरी आहे एवढ्या सुखावर माणूस पोरांवर पट्टा चालवतो.

आणि आता तुम्ही. हो, तुम्हीच. पुण्यामुंबईत नोकऱ्या लागल्या, चांगलं झालं. एप्रिल आला की वस्तीतली पंचवीस पोरं बसमध्ये घालून वॉटर पार्कला नेता, एकसारखे टीशर्ट, ग्रुप फोटो, संध्याकाळी वस्तीत परत सोडून मोकळे. गोऱ्याचं काम आता आपण करायला लागलो. न्या की, पोरं हसतील, हसू द्या. पण त्या पोरांच्या वस्तीपासून महापालिकेचा तलाव किती लांब आहे, तिथे वस्तीतल्या कितीजणांचे पास आहेत, फी कोण ठरवतं, हे कधी विचारलं? सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ ला तळं खुलं केलं, कागदावर. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब उतरले तेव्हा. त्यानंतर सवर्णांनी १०८ घागरी पाण्यात शेण, गोमूत्र कालवून तळं शुद्ध केलं, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. तिथे कुणी पोरांना पाणी दाखवायला सहल काढली नव्हती.

पोहणं ही चैन आहे असं म्हणणाराही भेटतो. २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, दहातली नऊ गरीब आणि मध्यम देशांतली. खदानीत, शेततळ्यात, नाल्यात चोरून उतरणारी पोरं कुणाची असतात ते तुम्हाला माहीत आहे.

मला अजून पोहता येत नाही. पोटाखाली हात असेपर्यंत यायचं. यंदा महापालिकेच्या तलावावर नाव घातलंय, सकाळी सहाची बॅच. शेजारच्या वस्तीतली चार पोरंही आहेत, त्यांचे अर्ज क्लार्कने दोनदा परत केले, पत्त्याचा पुरावा नाही म्हणून. तिसऱ्यांदा आम्ही पंधराजण जाऊन उभे राहिलो तेव्हा घेतले. सोमवारपासून सुरू. कुणाला यायचं असेल तर टॉवेल घेऊन या.