फेटा साहेबांना, नोटीस शिपायाला

मार्च २०२१ च्या अखेरीस नाशिककराला मेन रोडच्या बाजारात शिरायचं तर पाच रुपयांची पावती फाडावी लागत होती. मुदत एक तास. तास उलटला की ५०० रुपये दंड. कोरोनात गर्दी नको म्हणून लोकांनी तेही निमूट सोसलं.

त्याच सुमारास दाखल्यासाठी मी शहरातल्या एका सरकारी कार्यालयात गेलो. दाराला सुतळी आडवी बांधलेली, ‘अभ्यागतांना प्रवेश बंद’ असा कागद, अर्ज टाकायला पुठ्ठ्याचं खोकं. आत मात्र साहेबांच्या बदलीचा निरोप समारंभ ऐन रंगात. शाल, श्रीफळ, फेटा. तीस-चाळीस माणसं फोटोसाठी खेटून उभी, मास्क हनुवटीवर. बोभाटा झाल्यावर ‘कारणे दाखवा’ गेली ती हॉलचं कुलूप काढणाऱ्या शिपायाला आणि वर्गणी जमवणाऱ्या कारकुनाला. साहेब तोवर नव्या जागी रुजू! फेटा कोणाच्या डोक्यावर होता, हे चौकशीत कुणी विचारलंच नाही.

का विचारलं नाही? कायद्यात तर ते लिहिलेलंच आहे. ज्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली रस्त्यावर पावत्या फाडल्या, त्याच २००५ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं, की गुन्हा सरकारी खात्याकडून घडला तर खातेप्रमुख दोषी धरला जाईल. आपल्याला ठाऊक नव्हतं किंवा आपण पुरेपूर खबरदारी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं. निरोप समारंभ म्हणजे खात्याचं कृत्य नव्हे, असा कीस वकील काढतील, काढू देत. हॉल खात्याचा, वेळ कचेरीची, सत्कार प्रमुखाचा. हार गळ्यात असताना ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायला कोणत्या जातीचं धाडस लागतं? आणि कलम बाजूला ठेवलं, तरी १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेतच. हाताखालच्यांची कर्तव्यपरायणता राखणं हे त्यांनुसार वरिष्ठाचंच काम.

लंडनमध्ये टाळेबंदीतल्या सरकारी पार्ट्यांसाठी पोलिसांनी ८३ जणांना १२६ दंड ठोठावले. त्यांत एप्रिल २०२२ मध्ये खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन होते, तेही स्वतःच्या वाढदिवसापायी. दंड किरकोळच होता, आणि तिथेही अनेक दंड कनिष्ठांच्याच माथी बसले. पण चौकशी करणाऱ्या सू ग्रे यांनी या बेबंद वातावरणाची जबाबदारी वरच्या नेतृत्वाने घ्यावी, असं अहवालात स्वच्छ लिहिलं. आपल्याकडे अहवाल शिपायापाशीच संपतो.

म्हणून यापुढे कचेरीतल्या बेकायदा जमावाची तक्रार कराल, तेव्हा ‘संबंधित कर्मचारी’ असलं मोघम लिहू नका. कार्यालयप्रमुखाचं पदनाम लिहा. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: हॉल कोणाच्या परवानगीने उघडला, आणि नोटीस कोणाकोणाला दिली? उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.