पंप पाठीवर कुणाच्या?

शेतकऱ्याने फोन करावा, तज्ज्ञाने त्याच्याच भाषेत उत्तर द्यावे, म्हणून केंद्र सरकारने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू केले. पुढच्याच वर्षी सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आले. तेल्या पडला की बागायतदाराला विचारायला जागा आहे. पण पाठीवर पंप बांधून औषध मारतो तो बहुधा भूमिहीन मजूर. मात्रा मालक सांगेल ती! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किमान २० शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. ही सेवा मोबाईलवर जरूर वाढवा, पानाचा फोटो पाहून सल्ला द्या. मात्र डोळे चुरचुरणाऱ्या, मळमळणाऱ्या मजुराला तत्काळ उत्तर देणारा डॉक्टरही त्याच क्रमांकावर चोवीस तास बसवा.