सातबाऱ्यावरचं शून्य गिळू नका!

यवतमाळ जिल्ह्यात मोबाइल ॲप बनवणाऱ्या, शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना,

सातबाऱ्यावर ०.४० असेल तर ते ४० आर, म्हणजे जवळपास एक एकर. तोच आकडा आपण कोट्लिनच्या किंवा स्विफ्टच्या तयार 'डबल'मध्ये ठेवतो आणि तसाच पडद्यावर टाकतो. उमटतं ०.४. गणिताला फरक पडत नाही, हेक्टर-आर वाचणाऱ्याला पडतो. माझं ॲप कळंब तालुक्यातल्या एका काकांना दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "चार आर? मंग बाकीचं वावर कोन्नं नेलं?"

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून करू लागला. शेतीच्या कुठल्याही ॲपमध्ये त्याला त्याचं क्षेत्र बरोबर दिसणं हा त्याचा हक्क आहे.

आणि आपण काय करतो? दहा स्क्रीनवर शून्य चिकटवतो, अकराव्यावर विसरतो. हे बंद करा! 'डबल'चा वारसा घेऊन नवा क्लास करता येत नाही, पण त्याला एक्स्टेन्शन जोडता येतं. एका फाइलमध्ये एकच फंक्शन लिहा, त्यातून "० हे. ४० आर" असं स्वच्छ बाहेर आलं पाहिजे.

त्याला 'टूस्ट्रिंग' नाव मात्र देऊ नका. ते मूळ क्लासमध्ये आहेच, आणि कोट्लिनमध्ये कायम मूळचंच चालतं. तुमचं नुसतं पडून राहतं. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये तर एकाच क्लासच्या दोन कॅटेगरींत एकच नाव आलं, की कुठलं चालेल याचा भरवसा नाही.

फोनची भाषा मराठी असली की अँड्रॉइडचं स्ट्रिंग-फॉरमॅट मराठी अंक देतं. हवेत तसेच! पण तोच मजकूर थेट पुन्हा 'डबल' करायला गेलात, तर ॲप कोसळतं. म्हणून मराठी अंकच हाकलून द्यायचे, हा उपाय मला मान्य नाही. दाखवताना मराठी, सर्व्हरला पाठवताना इंग्रजी. लोकेल दरवेळी स्वतः सांगा.

वणीपासून उमरखेडपर्यंत ज्यांनी प्रोजेक्टला शेतीचं ॲप घेतलंय, त्यांनी ही फाइल आधी लिहावी, ०.४०, ०.०४ आणि १.१५ च्या चाचण्यांसकट सगळ्यांना खुली करावी. १.१५ वगळू नका. १०० ने गुणून अपूर्णांक छाटला, की ११५ ऐवजी ११४ आर येतात.